चार मिनिटांत मेंदू मरतो का?

मुंबईतील सोसायट्यांच्या प्रथमोपचार वर्गांत आणि लोकलमधील गप्पांतही एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: प्राणवायू थांबला की चार मिनिटांत मेंदूच्या पेशी गुदमरून मरतात, त्यानंतर छाती दाबणे व्यर्थ. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील निरीक्षणे वेगळे सांगतात.

उंदरांच्या मेंदूचा रक्तप्रवाह पूर्ण थांबल्यास पेशींना ऊर्जा देणारे एटीपी काही मिनिटांतच जवळजवळ संपते, पेशीच्या आवरणावरील आयनांचे पंप बंद पडतात आणि एरवी संदेश वाहणारे ग्लुटामेट पेशींबाहेर साचून शेजारच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा सोडते. हानीची सुरुवात येथे होते. मृत्यू मात्र अनेक पेशींना खूप नंतर येतो. १९८२ मध्ये ताकाआकी किरिनो यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा पाच मिनिटे रोखला, तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातील पेशी पहिल्या दिवशी जवळपास शाबूत दिसल्या आणि दोन ते चार दिवसांत नष्ट झाल्या. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण मधल्या काळात उपचाराला वाव असू शकतो. तापमानाचाही परिणाम होतो: १९८७ च्या प्रयोगांत मेंदू दोन-तीन अंशांनी थंड ठेवलेल्या उंदरांची हानी बरीच कमी झाली.

प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने हानी वाढतेच, म्हणून १०८ ला फोन करून छाती दाबणे तत्काळ सुरू करावे. पाचवे मिनिट उजाडले म्हणून ते थांबवू नये.