पार्व्हो

पार्व्हो : कुत्र्यांना होणारा अत्यंत सांसर्गिक व अनेकदा प्राणघातक विषाणुजन्य आंत्रशोथ. सहा आठवडे ते सहा महिने वयाची पिल्ले त्याला सर्वाधिक बळी पडतात. ‘श्वान पार्व्होविषाणू–२’ हे त्याचे कारण होय. १९६७ मध्ये आढळलेला श्वान पार्व्होविषाणू–१ निराळा आहे.

१९७८ मध्ये उत्तर अमेरिका, यूरोप व ऑस्ट्रेलिया येथे हा रोग जवळपास एकाच वेळी ओळखला गेला व सुमारे दोन वर्षांत जगभर पसरला. कुत्र्यांत आधीची प्रतिकारक्षमता नसल्याने पहिल्या साथीत प्रौढ कुत्रीही दगावली. साठवलेल्या रक्तरसाच्या नंतरच्या तपासणीत यूरोपातील काही कुत्र्यांत १९७४–७६ च्या सुमारास प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) आढळली. त्यावरून प्रसाराची सुरुवात यूरोपात काही वर्षे आधी झाली असावी. भारतातील पहिल्या नोंदी १९८० नंतर लगेच, मद्रास येथून झाल्या.

हा विषाणू मांजरांतील पॅनल्युकोपेनिया (पांढऱ्या रक्तपेशी घटवणारा रोग) याच्या विषाणूचा अगदी जवळचा आप्त असून दोहोंच्या कवच-प्रथिनात मोजक्याच ॲमिनो अम्लांचा फरक आहे. त्यांतील ९३ व ३२३ क्रमांकांच्या स्थानांवरील बदलांमुळे विषाणूला कुत्र्याच्या पेशींवरील ट्रान्स्फेरिन ग्राहीला (लोह वाहून नेणारे प्रथिन पकडणाऱ्या रेणूला) चिकटता येते. हे बदल कोठे घडले, याविषयी मतभेद आहेत. मांजरांच्या लशीसाठी पेशीसंवर्धनात वाढवलेल्या विषाणूपासून तो निर्माण झाला, असे एक मत असून रोग इतक्या झपाट्याने खंडोखंडी कसा पोहोचला याचे उत्तर त्यातून सहज मिळते. मात्र लसविषाणूंच्या जनुकीय तुलनेत त्याला आधार मिळालेला नाही. मिंक, खोकड यांसारख्या वन्य मांसाहारी प्राण्यांतून तो कुत्र्यांत आला, हे दुसरे मत. जर्मनीतील खोकडात दोन्ही विषाणूंच्या मधला जनुकीय क्रम आढळला असल्याने हेच मत अधिक ग्राह्य वाटते. दोहोंचा समान पूर्वज १९७८ च्या आधी साधारण दशकभर अस्तित्वात असावा, असे अनुमान आहे.

मूळ प्रकार मांजरांना बाधत नव्हता. १९८१ च्या सुमारास त्याची जागा घेतलेल्या २ए या उपप्रकाराने ती क्षमता परत मिळवली. पुढे २बी (१९८४) व २सी (इटली, २०००) हे उपप्रकार आढळले.

विषाणू आतड्यांतील, अस्थिमज्जेतील व लसिका-ऊतकांतील झपाट्याने विभागणाऱ्या पेशी नष्ट करतो. त्यामुळे उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब, निर्जलीभवन व पांढऱ्या रक्तपेशींची तीव्र घट होते. उपचाराविना बहुतेक पिल्ले मरतात. खाणे सोडून उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत सकाळपर्यंत वाट पाहणे धोक्याचे असते. विषाणू मारणारे औषध सर्वसामान्य वापरात नसल्याने शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, आतड्यांतील जीवाणू रक्तात शिरू नयेत म्हणून प्रतिजैविके व शक्य तितक्या लवकर थोडेथोडे अन्न, यांवर भर असतो. वेळेवर दाखल केलेली बहुसंख्य पिल्ले वाचतात.

प्रतिबंधातील खरी अडचण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांची असते. त्यांचे प्रमाण सुमारे दहा दिवसांत निम्मे होते. पण रोग अडवण्यास ती अपुरी पडू लागली तरी लस निष्प्रभ करण्याइतकी काही काळ टिकून राहतात. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लशी देतात, आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांनंतरच द्यावी लागते. दोन मात्रांनंतर पिल्लू सुरक्षित झाले असे धरून चालणे, हे लस दिलेल्या घरांतही पार्व्हो होण्याचे एक मोठे कारण आहे. सहा महिन्यांच्या किंवा एका वर्षाच्या वयात बूस्टर देतात.

स्निग्ध आवरण नसलेला हा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो. घरोघरी वापरले जाणारे फिनेल व स्पिरिट त्यावर भरवशाचे नाहीत. विष्ठा काढून, जागा धुऊन मग ब्लीचचे तीसपट पाणी घातलेले द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे.

मांजरांच्या पिल्लांतील पॅनल्युकोपेनियाचा उपचार याच धर्तीवर होतो. गाभण मांजरीला संसर्ग झाल्यास पोटातील पिल्लांच्या लघुमेंदूची वाढ खुंटते. जिवंत विषाणूंची लसही त्या काळात टाळतात.