‘माणूस मुळात चांगला’: एका चिनी वादाची पार्श्वभूमी

माणूस जन्मतः चांगला असतो, हे मत सर्रास कन्फ्यूशियसच्या (इ.स.पू. ५५१–४७९) नावावर सांगितलं जातं. त्याच्या संवादांत मात्र एवढंच सापडतं: स्वभावाने माणसं एकमेकांच्या जवळ असतात, सवयींनी दूर जातात. झीगोंग हा शिष्य तर म्हणतो की मानवी स्वभावाबद्दल गुरुजींकडून काही ऐकायलाच मिळत नाही.

हे मत ठामपणे मांडलं ते कन्फ्यूशियसच्या मृत्यूनंतर शतकभराने जन्मलेल्या मेन्शियस या विचारवंताने. राज्याराज्यांत सतत लढाया चाललेल्या, आणि हा दरबारोदरबारी राजांना समजावत फिरत होता. ‘ची’ नावाच्या राज्याचा राजा श्वान याने एकदा बळी द्यायला नेला जाणारा बैल थरथरताना पाहिला आणि त्याला सोडायला लावून त्याच्या जागी मेंढा द्यायला सांगितलं. लोक म्हणाले, राजा कंजूष. मेन्शियस म्हणाला, नाही, ही करुणाच आहे. मग ती प्रजेपर्यंत का पोहोचत नाही? मला या सिद्धान्ताचं खरं बळ इथे दिसतं. ‘मला जमणार नाही’ ही सत्ताधाऱ्याची सबबच त्यातून निकालात निघते.

मेन्शियस भाबडा नव्हता. विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं, पण तो फक्त अंकुर, असं तो म्हणे. करुणा, लाज, नम्रता आणि बऱ्या-वाइटाची जाण हे चार अंकुर जोपासावे लागतात. त्याचाच दाखला: बैल-पर्वतावर एके काळी घनदाट झाडी होती. कुऱ्हाडी चालल्या, उरलेले कोंब गुरांनी खाल्ले. आज तो बोडका दिसतो म्हणून तो मुळातच तसा होता का?

इ.स.पू. तिसऱ्या शतकात श्युन्झी या विचारवंताने कन्फ्यूशियसच्याच परंपरेत राहून नेमकं उलट सांगितलं: स्वभाव वाईट, चांगुलपणा ही माणसाच्या प्रयत्नांची कमाई. पुढे कित्येक शतकं हा वाद मिटला नव्हता. बाराव्या शतकात झू शी या विद्वानाने मेन्शियसचा ग्रंथ या परंपरेच्या मुख्य ‘चार ग्रंथां’त बसवला, आणि १३१३ साली युआन राजवटीने हेच ग्रंथ सरकारी परीक्षांचा पाया ठरवले. १९०५ साली त्या परीक्षा बंद होईपर्यंत मुलं धुळाक्षरांच्या वयातच ‘माणूस मुळात चांगला’ हे घोकत.

१९९३ साली हूबेई प्रांतात ग्वोद्यानच्या थडग्यात सापडलेल्या, इ.स.पू. ३००च्या आसपासच्या बांबूपट्ट्यांत मानवी स्वभावावर एक स्वतंत्र लेखच निघाला. म्हणजे मेन्शियस या वादात एकटा नव्हता.