झडीत घर पडलं तर: पंचनामा कसा होतो, कागदपत्रं कोणती लागतात

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की विदर्भातल्या गावांत पांढऱ्या मातीच्या भिंती एकेक करून बसायला लागतात. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत नदीकाठच्या घरांची काय गत झाली, हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. अशा वेळी सरकारी मदत मिळते ती पंचनाम्यावरून. घर 'पूर्णतः' पडलं असं लिहिलं की 'अंशतः', यावर सगळं ठरतं. तरीही तो कागद न वाचता सही करणारे घरोघरी सापडतात.

रकमेतला फरक आधी बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळातल्या निकषांनुसार पूर्णतः पडलेल्या किंवा राहण्याजोग्या न उरलेल्या घराला, कच्चं असो वा पक्कं, सपाट भागात 1,20,000 रुपये आणि डोंगरी भागात 1,30,000 रुपये. अंशतः पडझड किमान 15 टक्के असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. म्हणजे एकाच मातीच्या घराला एका शब्दाच्या फरकाने 4,000 मिळतात किंवा 1,20,000. शासन निर्णयानुसार दर बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाचा दर तहसील कार्यालयात विचारून घ्या.

घर अधिकृत असावं आणि तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असावा, ही मुख्य अट. गावात याचा आधार म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा उतारा. इथेच खूप जणांचं अडतं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, तीन भाऊ वेगळे राहतात, आणि नमुना 8 वर नाव अजून आजोबांचंच. अशा घरी वारसांची नोंद उन्हाळ्यातच करून घ्यावी. ते राहिलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी भावांचं संमतीपत्र तयार ठेवा, नाहीतर पंचनामा झाला तरी पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे यावर गाडी अडते.

बाकी कागदपत्रं साधी आहेत: अर्ज, आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती, पडझडीचे फोटो. खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना, हे बँकेत जाऊन बघा. पंचनाम्याला फी नसते.

घर पडलं की त्याच दिवशी तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला कळवा. (2024 पासून त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, पण गावात जुनीच नावं चालतात.) फोन करा आणि लेखी अर्जही द्या. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, म्हणून अर्जात तारीख आणि शक्य तर वेळही लिहा. मलबा लगेच उचलू नका. जीवाला धोका असेल तर उचलावाच लागेल, पण आधी चारही बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत घरमालक आणि ओळखू येईल अशी शेजारची खूण, दोन्ही येऊ द्या.

पाहणीला येणारे कर्मचारी निघण्यापूर्वी कोतवाल आणि पोलीस पाटलाकडून पडलेल्या घरांची यादी घेतात, नमुना 8 शी नावं ताडून बघतात, पंचनाम्याचे कोरे नमुने आणि टेप सोबत घेतात. जिथे नुकसान किती हे नजरेने ठरत नाही तिथे पंचायत समितीच्या बांधकाम शाखेतल्या अभियंत्याला बोलावता येतं. गावातले पंच हजर लागतात.

अनुभवी माणूस आत शिरण्याआधी घराभोवती एक फेरी मारतो. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या आहेत का, भिंतीला पोट आलं आहे का, ओल पायथ्यापासून किती वर चढली, मयाल (छपराचा भार पेलणारी तुळई) भिंतीत नीट टेकली आहे की सरकली, हे तो बघतो. कवेलू फुटलेत, पण मयाल आणि भिंती शाबूत आहेत, तर ते अंशतः. दोन भिंती बसून आढं खाली आलं, तर तिथे राहणं शक्य नाही, ते पूर्णतः धरावं असा आग्रह धरायला हवा.

भेगांचा प्रश्न वेगळा आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांना जुन्या भेगा असतातच. त्या यंदाच्या पावसाच्या धरत नाहीत. जुन्या भेगेच्या आत चुना उतरलेला असतो, धूळ आणि कोळिष्टकं असतात. ताज्या भेगेच्या कडा स्वच्छ, आतली माती भिंतीच्या मूळ रंगाची. तुमची भेग नवी असेल तर पाहणी करणाऱ्याला जवळ नेऊन दाखवा आणि मोबाइलच्या उजेडात फोटो काढायला लावा.

सहीआधी पंचनामा मोठ्याने वाचून घ्या. किती खोल्या, किती भिंती, टक्केवारी, कच्चं की पक्कं, गोठा वेगळा नोंदला का, एवढं तरी नक्की. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करायला सांगा, आणि सही झालेल्या पानाचा फोटो जवळ ठेवा.

मातीच्या घरात आणखी एक धोका असतो. पाणी प्यायलेली भिंत पावसात उभी राहते आणि ऊन पडल्यावर, कधी चार दिवसांनी, वाळताना बसते. तोवर पंचनाम्यात 'अंशतः' लिहून झालेलं असतं. असं झालं तर गप्प बसू नका. नवे फोटो, पहिल्या पंचनाम्याची प्रत आणि भिंत पडल्याची तारीख जोडून तहसीलदारांकडे पुन्हा पाहणीचा अर्ज द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.