ईयोब १३:१५ मधला ‘लो’: पार्श्वभूमी

ईयोब हा हिब्रू बायबलमधल्या त्याच नावाच्या पुस्तकाचा नायक, निर्दोष असून भोगणारा; प्रश्न आहे त्याच्या एका वचनातल्या ‘लो’ या शब्दाचा. बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत (निर्गम ३४:७), हा जुना हिशेब इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडल्यावर लोकांना सोसवेना. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, अशी तेव्हाची म्हण होती. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात ती मोडीत निघते: जो पाप करील तोच मरेल. पण ज्याचे त्याला असे ठरले, की जो भोगतो तो पापीच ठरतो. ईयोबाचे मित्र त्याला हेच ऐकवतात. तो निर्दोष असल्याचे वाचकाला मात्र पहिल्याच वचनात कळलेले असते.

खरा घोळ १३:१५ मध्ये आहे: ‘हेन यिक्तेलेनी, लो अयाखेल’. ‘लो’ आलेफ या हिब्रू अक्षराने लिहिला तर ‘नाही’, वाव या अक्षराने लिहिला तर ‘त्याची’, उच्चार एकच. मसोरा (मध्ययुगीन यहुदी नकलकारांनी जपलेला हिब्रू पाठ) हस्तलिखितांत मजकुरात आलेफ आहे आणि समासात वाव वाचण्याची सूचना. म्हणजे लिहिलेले असे: ‘तो मला मारणार, मला आशा नाही.’ वाचायचे असे: ‘त्याने मला मारले, तरी मी त्याची आशा धरीन.’ एका अक्षराने बंडखोराचा भक्त होतो. स्तोत्र १००:३ मध्येही हीच अदलाबदल आहे, पण तिथे एवढे काही पणाला लागत नाही.

हा प्रश्न मसोरा परंपरेहून जुना आहे. सुमारे इ.स. २०० च्या मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात (सोटा ५:५), याच वचनावरून ईयोब प्रेमापोटी देवाची सेवा करी असे शिकवले आहे. लगेच, इथे ‘लो’ कोणता हे ठरत नाही अशी कबुली देऊन २७:५ चा आधार घेतला आहे. व्हल्गेट या लॅटिन भाषांतराने आशा निवडली, १६११ च्या इंग्रजी भाषांतरानेही. पिढ्यान्‌पिढ्या प्रवचने त्यावरच उभी राहिली. १९५२ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीत मात्र मजकुरातच ‘आशा नाही’ आहे.

आलेफचेच पारडे जड आहे. त्याच वचनाचा उत्तरार्ध ‘तरी त्याच्या तोंडावर माझी बाजू मांडीन’ असा आहे. आशा संपली तरी फिर्याद सोडायची नाही, हेच त्याचे धैर्य. पुढच्याच अध्यायात तोडलेल्या झाडाला आशा आहे, माणसाला नाही (१४:७-१२). मेलेले उठतील आणि मग न्याय होईल हा दिलासा दानीएल १२:२ मध्ये, इ.स.पू. १६५ च्या सुमारास येतो. तो ईयोबाच्या तोंडी घालता येत नाही. वावच्या बाजूने १६वे वचन आहे, ‘हेच माझे तारण होईल’, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या ईयोबाच्या प्राचीन अरामी भाषांतराची इथे मदत होत नाही: त्याचा उरलेला भाग १७व्या अध्यायापासून सुरू होतो.