क्लॅरिनेट शिकवताना : ओठांची पकड आणि दातांचा दाब

क्लॅरिनेट नुकतीच हाती घेतलेल्या दोन मुलांना समोर बसवून वाजवायला सांगितले, तर एक जण माउथपीस, म्हणजे वाद्याचा तोंडात धरायचा भाग, ओठांनी धरतो आहे आणि दुसरा दातांनी दाबतो आहे, हे नुसत्या नजरेला सहसा कळत नाही. दोघांचे तोंड घट्ट मिटलेले असते, दोघांचा चेहरा ताणलेला असतो आणि दोघांचा सूरही निघत असतो. म्हणूनच पालक आणि काही वेळा शिकवणारेही या दोन गोष्टी एकच समजतात. पुढे मात्र एकाचा सूर भरीव आणि मोकळा होत जातो, तर दुसऱ्याचा सूर बारीक राहतो, पट्टीच्या वर चढतो आणि त्याचा खालचा ओठ आतून सोलवटून निघतो. तोपर्यंत सवय अंगात मुरलेली असते आणि ती मोडणे हे नव्याने शिकवण्याहून अवघड असते. त्यामुळे हा फरक सुरुवातीच्या धड्यांतच ओळखला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दोन्हींतला मूळ फरक जोर कमी की जास्त असा नसून जोर कुठून येतो हा आहे. माउथपीसच्या सपाट अंगावर बसवलेली रीड, म्हणजे पातळ लवचीक पत्ती, टोकाशी किंचित अलगद असते आणि तिच्या व माउथपीसच्या टोकामध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट उरते. फुंकेबरोबर ही फट सेकंदाला शेकडो वेळा मिटते आणि उघडते, त्यातूनच सूर तयार होतो. वरचे दात माउथपीसच्या वरच्या बाजूला, टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर टेकलेले, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित मुडपलेला, हनुवटी खाली ताणून सपाट केलेली आणि ओठांचे दोन्ही कोपरे आत आवळलेले, अशी ठेवण असली की माउथपीसला चारी बाजूंनी सारखा आधार मिळतो, बाजूने हवा सुटत नाही आणि रीडचे टोकही मोकळे राहते. ही ओठांची पकड. जबडा मात्र खालून वर रेटला गेला, तर खालचा ओठ दात आणि रीड यांच्यामध्ये चेपला जातो, रीड माउथपीसकडे ढकलली जाते आणि ती मुळातली अरुंद फट आणखी अरुंद होते. मग फुंक कितीही दिली तरी आत हवा कमीच जाते, सूर चढा आणि पातळ येतो आणि हळू वाजवायला गेले की मध्येच बंद पडतो. हा दातांचा दाब.

कोल्हापुरात या गोंधळाला स्थानिक कारणेही आहेत. इथे क्लॅरिनेटची ओळख बहुतेकांना वर्गात होत नाही, तर लग्नाच्या वरातीतल्या बँडमध्ये होते. महाद्वार रोडवरच्या गर्दीत, ट्रम्पेट आणि ड्रमच्या शेजारी चालत वाजवताना आपला सूर ऐकू यावा म्हणून पोरसवदा वादक नकळत जबडा आवळतो, आणि आवळला की सूर चढा होऊन त्याच्या स्वतःच्या कानाला टोकदार लागतो. टोकदार म्हणजे मोठा, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला तो सूर आधीच्यापेक्षा क्षीण ऐकू येतो. सनईच्या घराण्यातून येणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी असते. सनईची पत्ती दुहेरी असते आणि ती ओठांमध्येच धरली जाते, तिला दातांचा टेकू लागत नाही. त्यामुळे ओठांच्या कोपऱ्यांनी धरणे या मुलांना शिकवावे लागत नाही. गाल फुगवायची सवय तेवढी सोडवावी लागते, कारण क्लॅरिनेटवर गाल फुगले की कोपरे सैल पडतात आणि हनुवटीचा सपाटपणा जातो.

पकड आहे की दाब, हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची चाचणी पेटीजवळ (हार्मोनियमजवळ) बसून करता येते. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटचा माउथपीस आणि त्याखालची आखूड नळी, म्हणजे बॅरल, एवढेच दोन भाग जोडावेत आणि विद्यार्थ्याला मध्यम जोराने, लांब फुंक द्यायला सांगावी. ठेवण योग्य असेल तर निघणारा सूर पेटीच्या वरच्या सप्तकातल्या काळी तीनच्या आसपास येतो. तो पांढरी पाचकडे सरकू लागला तर जबडा वर रेटला जातो आहे असे समजावे, आणि पांढरी चारकडे उतरला तर ओठ सैल आहेत किंवा फुंकेला आधार नाही असे समजावे. एकदा सूर जुळला म्हणून थांबू नये. तोच सूर न हलवता विद्यार्थ्याला हळूहळू जोर कमी करायला सांगावे. पकड असलेल्याचा सूर पट्टीवर टिकून बारीक होत जातो. दाब देणाऱ्याचा सूर आधी वर चढतो आणि मग अचानक तुटतो. बोटांचा काहीही संबंध नसल्यामुळे इथे दोष लपायला जागाच उरत नाही, म्हणून पहिले काही दिवस मी पूर्ण वाद्य जोडूच देत नाही. मुलांना ते कंटाळवाणे वाटते, हे मान्य आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी चाचणी थोडी कठोर आहे. वरचा ओठही वरच्या दातांखाली मुडपून घ्यायला सांगावा आणि एखादा लांब सूर धरायला लावावा. दात थेट माउथपीसवर नसल्यामुळे दाब दिला की वरच्या ओठाला लगेच दुखते आणि जबडा आपोआप सैल सुटतो. त्या क्षणी सूर जो मोकळा होतो, तो विद्यार्थ्याने स्वतःच्या कानांनी ऐकावा, एवढ्यासाठीच ही चाचणी करावी.

दाबाची सवय लागते ती मात्र बऱ्याचदा आपल्याच चुकीच्या निदानामुळे. वाद्य मध्येच किंचाळले की शिकवणारा सवयीने म्हणतो, “ओठ घट्ट धर.” माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचा सूर खालच्या स्वरांवर सतत चिरकत होता, आणि विचारले तर तो म्हणायचा, “घट्टच धरलंय की सर, अजून किती धरू?” त्याच्या उजव्या हाताची बोटे उलटी करून पाहिली. मधल्या बोटाच्या टोकावर छिद्राचा पूर्ण गोल वळ उमटलेला होता, अनामिकेवर मात्र अर्धाच. करंगळी खालच्या कीकडे (छिद्र मिटणाऱ्या-उघडणाऱ्या धातूच्या कळीकडे) ताणताना अनामिका छिद्रावरून कणभर सरकत होती आणि तिथून हवा सुटत होती. त्याच्या तोंडाला काही सांगण्याची गरजच नव्हती. कोपर किंचित बाहेर घेऊन हात फिरवताच चिरकणे थांबले आणि जबडाही सैल झाला. सनई आणि बासरीवर छिद्र अर्धवट मिटून मींड घेतली जाते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, त्यामुळे तिथून आलेल्या मुलांना छिद्र पूर्ण झाकण्याची ही शिस्त वेगळी सांगावी लागते.

वाद्याच्या वजनामुळेही दाब वाढतो. सुमारे पाऊण किलोचे वाद्य उजव्या अंगठ्यावर पेलायचे असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा अंगठा दमला की तो वाद्य दातांनी धरू लागतो. गळ्यात पट्टा अडकवावा, हे त्यावरचे साधे उत्तर आहे. रीडबद्दल एवढेच सांगतो की दोन किंवा अडीच नंबरच्या, म्हणजे मऊ रीडने सुरुवात करावी. बँडमधल्या थोरल्या भावाची कडक रीड धाकट्याला दिली की ती वाजवण्यासाठी त्याला जबडा वापरावाच लागतो.

खरी कसोटी वरच्या स्वरांवर जाताना लागते, आणि सनईच्या घरातली मुले आधी उत्तम पकड असूनही नेमकी इथे अडखळतात. सनईची नळी खाली रुंद होत जाते, तिच्यावर तीच बोटे ठेवून फुंक आणि ओठांचा ताण वाढवला की सूर सप्तकभर वर जातो. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी एकसारख्या रुंदीची असते आणि ती वर चढते ती सप्तकाने नव्हे, तर बाराव्या स्वरावर, म्हणजे षड्जावरून थेट पुढच्या सप्तकातल्या पंचमावर. हे काम ओठांनी करायचे नसते. त्यासाठी डाव्या अंगठ्याजवळ रजिस्टर की दिलेली आहे. सनईची सवय असलेला मुलगा की दाबतो आणि सोबत ओठही आवळतो, मग ओठ पुरेनासे झाले की जबडा मदतीला येतो. यासाठी मी विद्यार्थ्याला खालचा सी (पाश्चात्त्य नावाचा स्वर) लांब धरायला सांगतो, त्याच्या मागे उभा राहतो आणि त्याला न सांगता रजिस्टर की मीच दाबतो. कधी दाबली जाणार हे ठाऊक नसल्यामुळे त्याला ओठ आवळायला सवडच मिळत नाही आणि वरचा जी स्वच्छ उमटतो. मी की सोडतो, सूर पुन्हा सीवर येतो. असे पाच-सहा वेळा झाले की त्याचा अंगठा त्या कीवर ठेवतो आणि तीच क्रिया त्याला स्वतः करायला सांगतो. अंगठा उचलायचा नाही, मागचे छिद्र झाकलेले ठेवून त्याचे फक्त टोक कीवर कलंडवायचे.