गोबीच्या पानावरचा ‘व्ही’

नोव्हेंबरात उजाडता उजाडता गोबीच्या वावरात गेलं, की पानांच्या कडेला ओळीनं थेंब दिसतात. आपण त्यांना दव म्हणून मोकळे होतो. पण दव पडलं तर सगळं पान ओलं होतं. हे थेंब फक्त कडेला, शिरा संपतात तिथेच असतात. ते वरून पडलेले नसतात, पानानंच बाहेर टाकलेले असतात. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पानांतून वाफ मात्र फारशी निघत नाही. जास्तीचं पाणी मग कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. शाळेच्या पुस्तकात याला बिंदुस्राव म्हणतात.

सकाळी यातलं काही पाणी पान पुन्हा आत ओढून घेतं. त्या थेंबात झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस हा जिवाणू असेल तर तोही सोबत आत जातो. त्याला ना जखम लागते, ना किडीनं पाडलेलं भोक. पत्तागोबी आणि फुलगोबीवरचा घाण्या रोग तो हाच.

कडेनं शिरतो म्हणूनच त्याची खूणही कडेला उमटते. पिवळा त्रिकोणी डाग, रुंद बाजू कडेला आणि टोक मधल्या शिरेकडे, इंग्रजी ‘व्ही’सारखा. डागातल्या शिरा काळ्या पडतात. पान पिवळं दिसलं की युरिया फेकायची आपल्याकडे सवय आहे. पण नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं सरसकट फिकी होतात, असा कोपरा धरून कुणी पिवळं पडत नाही. शंका असेल तर त्या पानाचा देठ आडवा कापून बघा. पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या जागी काळे ठिपके दिसले, तर निदान झालंच म्हणा.

त्या नळ्या तुंबतात कशानं, ही यातली सगळ्यात मजेदार गोष्ट. हा जिवाणू स्वतःभोवती एक चिकट डिंक तयार करतो. हाच डिंक कारखान्यात, याच जिवाणूला साखर खाऊ घालून बनवतात. त्याचं नाव झँथन गम. अमेरिकेत १९६९ साली तो खाण्याच्या पदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. सॉसच्या बाटलीवर ४१५ हा आकडा दिसला, तर सॉस दाट करणारा तो हाच. बाटलीत कामाचा, गोबीच्या शिरेत घातक.

आता औषधाचं. कृषी सेवा केंद्रात विचारलं की कॉपर ऑक्सिक्लोराईड पुढे येतं. ते वाईट नाही, पण ते पानाच्या पृष्ठभागावर राहतं. आत शिरेत बसलेल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाही. ‘व्ही’ दिसल्यावर मारलेला पंप शेजारचं झाड वाचवेल, रोगट पान बरं करणार नाही.

रोग आला कुठून, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक वेळा बियाण्यातून. २५ ते ३० अंश तापमान त्याला मानवतं आणि शिरल्यापासून खूण दिसायला दहा-चौदा दिवस जाऊ शकतात. म्हणजे सप्टेंबरात, परतीच्या पावसात रोपवाटिकेतल्या ट्रेमधलं रोप हिरवंगार दिसत असतं आणि आपण रोगासकट ते वावरात लावतो. बियाणं ५० अंशाच्या गरम पाण्यात, पत्तागोबीचं २५ मिनिटं आणि फुलगोबीचं २० मिनिटं ठेवणं हा जुना, खात्रीचा उपाय. मात्र थर्मामीटर हवाच. दोन-चार अंश वर गेले तर बी मरतं, खाली राहिले तर जिवाणू वाचतो. कंपनीनं औषध लावलेलं किंवा जुनं बी यात बुडवू नये.

शेतात त्याला फिरवतं ते पाणी. हरभऱ्याचा तुषार संच गोबीवर आणला, की एका रोपाचा रोग थेंबांबरोबर उडत चार रोपांवर जातो. ठिबक बरं. पानं ओली असताना खुरपणीलाही उतरू नये.

गोबीवरच्या बाकीच्या रोगांची ओळख पटकन होते. एकात एक गोल वलयं असलेले तपकिरी डाग जुन्या पानांवर दिसले तर तो अल्टरनेरिया बुरशीचा करपा. वरून पिवळट चट्टा आणि खालून पांढरी बुरशी असेल तर केवडा, थंडी आणि धुईचा सोबती. रोपं जमिनीलगत कोलमडत असतील तर गादीवाफ्यात पाणी साचतंय आणि मातीतली बुरशी मातलीय. यासाठी आपलं मे महिन्यातलं भाजणारं ऊनच कामाला येतं: वाफा ओला करून पारदर्शक प्लॅस्टिकनं चार ते सहा आठवडे घट्ट झाकायचा. फुलगोबीचा गड्डा तपकिरी पडून दांडा आतून पोकळ झाला, तर रोगापेक्षा बोरॉनची कमतरता आधी तपासा. चुनखडीच्या जमिनीत ती बरेचदा होते. मुळांवर गाठी आणणारा रोग मात्र आम्ल जमिनीचा भोक्ता. मराठवाड्यातली काळी जमीन सहसा विम्लधर्मी, त्यामुळे तो इथे फारसा सतावत नाही.

घाण्या आलेल्या वावरात निदान दोन वर्षं तरी गोबी नको. मुळा आणि मोहरीचा बेवडही नको, ती याच कुळातली. ज्वारी, हरभरा, कांदा चालेल. जिवाणू मातीत एकटा फार काळ टिकत नाही, तो तगतो न कुजलेल्या पाल्यात. काढणीनंतर बांधावर भिरकावलेली पानं आणि दांडे म्हणजे त्याचं पुढच्या हंगामापर्यंतचं घर.