डिसॅबिलिटी पेन्शनचा वाद: ‘नाही’ आणि ‘नाही’

सैनिक निवृत्त होताना किंवा बोर्ड आउट होताना, म्हणजे आजारामुळे नोकरीतून कमी केला जाताना, लष्करी डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड दोन प्रश्नांची उत्तरं लिहितं. आजार नोकरीमुळे झाला का? नोकरीमुळे बळावला का? दोन्हींपुढे ‘नाही’ पडलं आणि कारणाच्या रकान्यात ‘प्रकृतिदोष’ (म्हणजे आजार मूळ शरीराचाच, नोकरीचा नाही) आलं, की डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे अपंगत्वासाठीच्या पेन्शनचा, दावा फेटाळला जातो. आजार आहे की नाही, यावर सहसा कुणाचंच दुमत नसतं. भांडण असतं ते या दोन उत्तरांचं.

खरं तर या पेन्शनचे १९८२ चे नियम जवानाच्या बाजूचे होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, पुढे तब्येत ढासळली तर ती नोकरीमुळेच असं मानायचं आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. तरी बोर्डं कारण न देता ‘नाही’ लिहीत राहिली. लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) दलातल्या धरमवीर सिंग यांना नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलं गेलं, अपंगत्व २० टक्के. त्यांना न्याय मिळाला तो थेट २ जुलै २०१३ ला, सुप्रीम कोर्टात. कोर्टाने नवं काही सांगितलं नाही. जुनाच नियम वाचून दाखवला.

तोवर नियम मात्र बदलले होते. भरतीची तपासणी वरवरची असते, सुप्त आजार तिच्यात सापडेलच असं नाही, असं २००८ च्या नियमांत आलं. म्हणजे तपासणी सरकारची आणि तिच्या त्रुटीचा भुर्दंड जवानाला!

दाद मागायची वाटही सोपी नव्हती. खात्यातली दोन अपिलं संपली की हायकोर्ट. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आलं, २००९ पासून ते चालू झालं. महाराष्ट्र, गुजरात, गोव्याच्या माजी सैनिकांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावर पुन्हा हायकोर्टात जाता येतं का, हा गोंधळ २०१५ पासून होता. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वाट मोकळी असल्याचं स्पष्ट केलं. तिचा फायदा सरकारलाही होतो, हे आलंच.

सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे नियम लागू झाले. १९८२, २००८ की २०२३, यातले कुठले नियम लावायचे हे नोकरी कधी सुटली यावर ठरतं. म्हणून आता वकील फाईल उघडली की आजाराचं नाव नंतर बघतो, नोकरी सोडल्याची तारीख आधी.